काउंटीची ठेव, बँकेचे बंधपत्र आणि सात जामीनदार: एक प्रकरण अभ्यास

अमेरिकेत 1 जानेवारी 1934 पूर्वी बँकेतील ठेवीला केंद्रीय विम्याचे संरक्षण नव्हते. त्या दिवशी प्रत्येक ठेवीदाराच्या 2,500 डॉलरपर्यंतच्या रकमेला ते मिळाले आणि त्याच वर्षी पुढे ही मर्यादा 5,000 डॉलरवर गेली. त्याआधी सार्वजनिक पैसा बँकेत ठेवायचा तर त्याची हमी बँकेकडूनच घ्यावी लागे, म्हणून अनेक राज्यांच्या कायद्यांनी काउंटी (जिल्ह्यासारखा स्थानिक प्रशासकीय विभाग), शहर किंवा शाळा-जिल्ह्याचा निधी स्वीकारणाऱ्या बँकेने जामीनदारांसह बंधपत्र लिहून द्यावे असे ठरवले होते. मोठ्या शहरांत जामिनकी पत्करणाऱ्या कंपन्या शुल्क घेऊन ही हमी देत. लहान गावांत मात्र बँकेचे संचालक आणि त्यांच्या ओळखीतले दोन-चार प्रतिष्ठित गृहस्थ बंधपत्रावर सह्या करून मोकळे होत. 1930 ते 1933 या काळात सुमारे 9,000 बँका बंद पडल्या, तेव्हा या सह्या अंगाशी आल्या आणि जामीनदार कधी सुटतो हा प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार येऊ लागला.

पुढील वस्तुस्थिती अभ्यासासाठी रचलेली आहे. त्यातील काउंटी, बँक, माणसे आणि हिशेबाचे आकडे काल्पनिक आहेत. कायद्याची तत्त्वे आणि उल्लेखिलेले निवाडे खरे आहेत.

मध्य-पश्चिमेतील एका शेतीप्रधान काउंटीच्या मंडळाने जानेवारी 1930 मध्ये तालुक्याएवढ्या गावातील एका राष्ट्रीय बँकेला (म्हणजे केंद्र सरकारच्या परवान्यावर चालणाऱ्या खाजगी बँकेला) दोन वर्षांसाठी आपली अधिकृत ठेव-बँक म्हणून नेमले. ठरावात ठेवीची कमाल मर्यादा 30,000 डॉलर होती आणि बंधपत्र 40,000 डॉलरचे होते. त्यावर बँकेचा अध्यक्ष, तीन संचालक, एक जमीनमालक, एक डॉक्टर आणि एक धान्यव्यापारी अशा सात जणांच्या सह्या होत्या. नेमणुकीच्या मुदतीत बँक काउंटीचा पैसा सुरक्षित ठेवील, खजिनदाराच्या आदेशावर मागताक्षणी देईल आणि दरमहा हिशेब सादर करील, अशी बंधपत्राची अट होती.

31 डिसेंबर 1931 रोजी खात्यात 26,000 डॉलर होते. जानेवारी 1932 मध्ये त्याच बँकेची पुन्हा दोन वर्षांसाठी नेमणूक झाली आणि तेवढ्याच रकमेचे नवे बंधपत्र घेतले गेले; परंतु डॉक्टर आणि धान्यव्यापारी यांनी या वेळी सही केली नाही. जुन्या बंधपत्रावर 'रद्द' असा शेरा कोणी मारला नाही. ते क्लार्कच्या तिजोरीत तसेच पडून राहिले. एप्रिल 1932 मध्ये शेजारच्या गावातील बँक बंद झाल्यावर मंडळाने मर्यादा 45,000 डॉलरवर नेली आणि वाढीव जोखमीपोटी बँकेकडून 10,000 डॉलर दर्शनी मूल्याचे शहरी रोखे तारण घेतले. नोव्हेंबरमध्ये बँकेला रिकन्स्ट्रक्शन फायनान्स कॉर्पोरेशन या केंद्र सरकारच्या कर्ज देणाऱ्या महामंडळाकडून कर्ज उचलायचे होते. त्या महामंडळाला तारण हवे होते आणि बँकेकडे देण्याजोगे दुसरे काही उरले नव्हते. खजिनदाराने मंडळाच्या अध्यक्षाला तोंडी विचारून रोखे परत केले. डिसेंबरच्या सभेच्या इतिवृत्तात 'खजिनदाराचा मासिक अहवाल, तारणाच्या तपशिलासह, वाचून कायम केला' एवढी एक ओळ आहे.

6 मार्च 1933 रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या घोषणेने देशभरातील बँका बंद झाल्या. या बँकेला पुन्हा उघडण्याचा परवाना मिळाला नाही. राष्ट्रीय बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या कंट्रोलर ऑफ द करन्सी या केंद्रीय अधिकाऱ्याने तिचा कारभार पाहण्यासाठी संरक्षक नेमला. काउंटीची शिल्लक तेव्हा 38,400 डॉलर होती. पुढे पुनर्रचनेची योजना आली, ती अशी: ठेवीच्या 60 टक्के रक्कम नव्याने उघडणाऱ्या बँकेत काढता येईल अशा रूपात जमा होईल आणि उरलेल्या 40 टक्क्यांवरील बँकेविरुद्धचा हक्क सोडून ठेवीदार अडकलेल्या मालमत्तेवरची प्रमाणपत्रे घेतील. काउंटी मंडळाने जूनमध्ये योजनेवर सही केली. आठवड्याभराने काउंटीच्या वकिलाच्या सांगण्यावरून मंडळाने आणखी एक ठराव केला: 'बंधपत्रावरील जामीनदारांविरुद्धचे सर्व हक्क राखून ही संमती दिली आहे असे समजावे.' काउंटीला 23,040 डॉलर मिळाले. प्रमाणपत्रांना बाजारात कोणी विचारीना, तेव्हा उरलेल्या 15,360 डॉलरसाठी काउंटीने दोन्ही बंधपत्रांवरील सातही जणांवर दावा लावला.

डॉक्टर आणि धान्यव्यापारी यांचे काय, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. मुदतबंद बंधपत्राचा जामीनदार मुदतीबाहेरच्या व्यवहाराला बांधलेला नसतो हे तत्त्व जुनेच आहे. 1672 च्या लॉर्ड आर्लिंग्टन विरुद्ध मेरिक या इंग्लिश खटल्यात एका उप-डाकप्रमुखासाठी दिलेले बंधपत्र प्रास्ताविकात नमूद केलेल्या सहा महिन्यांपुरतेच धरले गेले, जरी अटीचे शब्द त्याहून व्यापक होते. पण काउंटीचा युक्तिवाद वेगळा होता. 31 डिसेंबर 1931 रोजी असलेले 26,000 डॉलर जुन्या मुदतीतच ठेवले होते, ते कधी परत मिळालेच नाहीत, आणि नवे बंधपत्र घेतल्याने जुने आपोआप रद्द होत नाही. यातले शेवटचे विधान बरोबर आहे. नवी हमी स्वीकारणे म्हणजे आधी जन्मलेली जबाबदारी माफ करणे नव्हे, आणि 'रद्द' हा शेरा असता तरी त्याने फारसा फरक पडला नसता.

मात्र 'परत मिळालेच नाहीत' हे विधान हिशेबाच्या वहीपुढे टिकत नाही. जानेवारी ते एप्रिल 1932 या चार महिन्यांत खजिनदाराने रस्ते, शाळा आणि पगार यांसाठी 27,500 डॉलरचे धनादेश काढले आणि बँकेने ते सगळे वटवले. चालू खात्यात, उलट काही ठरलेले नसेल तर, आधी आलेला पैसा आधी गेला असे मानतात. 1816 चा क्लेटन खटला म्हणून हा नियम ओळखला जातो आणि अमेरिकन न्यायालयांनीही तो सर्वसाधारणपणे स्वीकारला आहे. त्यानुसार जुन्या मुदतीतील 26,000 डॉलर एप्रिल 1932 अखेर फेडले गेले होते, आणि मार्च 1933 मध्ये बुडाला तो पैसा सगळा नंतरच्या कर-वसुलीचा होता. म्हणजे हे दोघे सुटतात ते नवे बंधपत्र आल्यामुळे किंवा त्यांनी सही नाकारल्यामुळे नव्हे. ज्या कर्जाचे ते जामीन होते ते कर्ज फिटल्यामुळे सुटतात. नव्या मुदतीच्या पहिल्याच आठवड्यात बँक बुडाली असती, तर हेच दोघे जवळजवळ पूर्ण रकमेला अडकले असते.

उरलेले पाच जण दुसऱ्या बंधपत्रावर आहेत. मर्यादा 30,000 वरून 45,000 वर नेल्याने आपला करारच बदलला आणि म्हणून आपण पूर्ण सुटलो, हा त्यांचा पहिला बचाव. त्यांनी आधार घेतला 1824 च्या मिलर विरुद्ध स्टुअर्ट या खटल्याचा. त्यात न्यू जर्सीतील एका उप-करसंग्राहकासाठी बंधपत्र दिलेले होते. त्याची नेमणूक आठ टाउनशिपपुरती (काउंटीतील लहान विभागांपुरती) होती. पुढे जामीनदाराला न विचारता नेमणूकपत्रात नवव्या टाउनशिपचे नाव घातले गेले. न्यायमूर्ती स्टोरी यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निर्णयाने जामीनदाराला सोडले: तो बांधला जातो ते त्याच्या कराराच्या शब्दांनी, आणि बदल त्याच्या फायद्याचा होता की तोट्याचा हे पाहण्याचे कारण नाही.

या दोन प्रकरणांत मला एक फरक महत्त्वाचा वाटतो. मिलर खटल्यात ज्या लेखाच्या आधारे जामिनकी उभी होती तो लेखच बदलला होता. इथे बंधपत्राच्या मजकुरात 30,000 चा आकडा कुठेही नाही. तो मंडळाच्या ठरावात आहे, आणि मंडळाने खजिनदाराला घातलेला तो लगाम आहे. जामीनदारांनी स्वतःच्या जोखमीची मर्यादा 40,000 ही लिहून घेतली होती, आणि शिल्लक तिच्या आत राहिली. अशा कायदेशीर मर्यादा सार्वजनिक पैशाच्या रक्षणासाठी असतात, बँकेच्या हमीदारांच्या सोयीसाठी नसतात, ही भूमिका मला अधिक सयुक्तिक वाटते. ठरावाचा आकडा बंधपत्रात उतरवला असता तर उत्तर बदलले असते. तरीही जामीनदारांना निदान वाढीव रकमेपासून मुक्ती मिळाली असती एवढेच मी म्हणेन, कारण पहिल्या 30,000 डॉलरची जबाबदारी त्या वाढीने बदललेली नाही.

खजिनदाराने चार महिने मासिक ताळेबंद मागितलाच नाही आणि बँकेची अवस्था गावात सर्वांना ठाऊक असताना पैसे भरत राहिला, हा दुसरा बचाव लवकर निकाली काढता येतो. 1824 मध्येच अमेरिका विरुद्ध कर्कपॅट्रिक या खटल्याने सरकारी अधिकाऱ्यांच्या ढिलाईचा लाभ बंधपत्राच्या जामीनदाराला मिळत नाही असे सांगितले आहे. तपासणीचे नियम अधिकाऱ्याला शिस्त लावण्यासाठी असतात. ते जामीनदाराशी केलेल्या कराराचा भाग होत नाहीत. शिवाय ज्या संचालकांनी स्वतः ताळेबंद पाठवायचा होता त्यांनीच तो मागितला नाही म्हणून तक्रार करावी, यात थोडी गंमतही आहे.

जमीनमालकाचा एक बचाव असाच अपुरा ठरतो. ऑगस्ट 1932 मध्ये त्याने बँकेच्या अध्यक्षाला पत्र लिहून 'यापुढे माझे नाव काढावे' असे कळवले होते. पत्र काउंटीला गेले नाही हा एक दोष झाला. पण ते गेले असते तरी, दोन वर्षांची नेमणूक ज्या हमीच्या मोबदल्यात बँकेला एकरकमी देऊन टाकली होती ती हमी मध्येच एकतर्फी मागे घेता येत नाही. 1880 च्या लॉइड्स विरुद्ध हार्पर या इंग्लिश निर्णयाचा रोख हाच आहे. राज्याच्या कायद्यात नोटीस देऊन मोकळे होण्याची वेगळी तरतूद असेल तर गोष्ट वेगळी, आणि आपल्या या काउंटीच्या राज्यात ती नाही असे धरले आहे.

खरा गाभा पुढच्या दोन घटनांत आहे, कारण त्या दोन्ही धनकोच्या स्वतःच्या कृती आहेत.

तारण परत करणे ही ढिलाई नव्हे, ती कृती आहे. कर्ज फेडणारा जामीनदार धनकोच्या जागी उभा राहतो आणि धनकोच्या हाती असलेले तारण त्याला मिळायला हवे. ते तारण धनकोने सोडून दिले, तर त्याच्या किमतीपुरता जामीनदार मोकळा होतो. तारण बंधपत्रानंतर आले होते, याने अमेरिकन किंवा इंग्लिश कायद्यात फरक पडत नाही. (1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 141 मात्र जामिनकीच्या वेळी असलेल्या तारणापुरतेच बोलते, त्यामुळे त्या कायद्याखाली याच वस्तुस्थितीचे उत्तर वेगळे येऊ शकते.) काउंटीने दोन उत्तरे दिली. पहिले असे की राष्ट्रीय बँकेला असे तारण देण्याचा अधिकारच नव्हता, म्हणून परत केले ते मुळात कवडीमोल होते. हा मुद्दा पोकळ नाही: 1934 च्या सिटी ऑफ मॅरियन विरुद्ध स्नीडन या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने इलिनॉयमधील राष्ट्रीय बँकेचे असे तारण याच कारणासाठी अवैध ठरवले. परंतु 1930 च्या केंद्रीय कायद्याने, राज्याचा कायदा आपल्या बँकांना असे तारण देऊ देत असेल तिथे, राष्ट्रीय बँकांनाही तो अधिकार दिला होता, आणि या राज्यात तशी परवानगी होती असे गृहीत आहे.

दुसरे उत्तर असे की खजिनदाराला तारण सोडण्याचा अधिकार नव्हता. मंडळाच्या अध्यक्षाचा तोंडी होकार म्हणजे मंडळाचा ठराव नव्हे. नोव्हेंबरपुरते हे मान्य करावे लागेल. पण डिसेंबरच्या इतिवृत्तातील ती एक ओळ काउंटीला नडते. 'तारणाच्या तपशिलासह' अहवाल वाचला गेला, त्या तपशिलात रोखे परत केल्याची नोंद होती, आणि मंडळाने तो कायम केला. मागणी करून रोखे परत मिळवायला तेव्हा तीन महिने शिल्लक होते. जाणूनबुजून दिलेली ही मान्यता मंडळाची स्वतःची कृती ठरते.

म्हणून पाचही जण त्या किमतीपुरते सुटले का? नाही, आणि जामिनकीच्या प्रकरणांत नेमकी हीच गोष्ट नजरेतून निसटते. मुक्तता ही बंधपत्राची नसते, प्रत्येक जामीनदाराची स्वतंत्र असते, आणि ज्याने त्या कृतीला संमती दिली त्याला तिचा फायदा घेता येत नाही. रोखे परत मागण्याचा ठराव बँकेच्या संचालक मंडळाचा होता. अध्यक्ष आणि तिन्ही संचालकांनी त्याच्या बाजूने मत दिले होते. जमीनमालक संचालक नव्हता. त्याला रोखे आले हेही माहीत नव्हते आणि गेले हेही नाही. तारणाबाबतची मुक्तता फक्त त्याची आहे. ती दर्शनी मूल्यावर नव्हे तर वसूल होऊ शकली असती त्या किमतीवर मोजायची. नोव्हेंबर 1932 च्या बाजारात रोख्यांना 8,000 डॉलर आले असते असे धरू. हे 8,000 डॉलर उरलेल्या रकमेतूनच वजा होतात, कारण 1899 च्या मेरिल विरुद्ध नॅशनल बँक ऑफ जॅक्सनव्हिल या निर्णयानुसार तारण असलेला धनकोही बुडालेल्या राष्ट्रीय बँकेकडे पूर्ण रकमेचा दावा करू शकतो. काउंटीला योजनेतून 23,040 आणि रोख्यांतून 8,000 असे 31,040 मिळाले असते. जमीनमालकाची जबाबदारी त्यामुळे 7,360 डॉलरपर्यंत खाली येते.

ती शून्यावर येते का, हे योजनेवरील सहीने ठरते. धनकोने स्वेच्छेने मुख्य ऋणकोला माफी दिली तर जामीनदार सुटतो, कारण मग जामीनदाराने ज्याच्याकडून वसुली करायची तोच मोकळा झालेला असतो. कायद्याच्या बळाने झालेल्या माफीने मात्र तो सुटत नाही. 1898 च्या दिवाळखोरी कायद्याचे कलम 16 हे दिवाळखोराच्या जामीनदारांबाबत स्पष्ट सांगत होते. मार्च 1933 च्या बँक संरक्षण कायद्याखाली, ठेवीदारांच्या हक्कांना हात घालणाऱ्या योजनेला एकूण ठेवी व देण्यांपैकी किमान 75 टक्के रकमेच्या धनकोंची संमती लागे, आणि ती मिळाली की असंमत धनकोही बांधले जात. काउंटीने सही केली नसती तरी योजना तिला लागू झाली असती, मग सहीने काय बिघडले, असा काउंटीचा प्रश्न होता.

उत्तर आकड्यांत आहे. बँकेची एकूण ठेवी व देणी 4,12,000 डॉलर होती. 75 टक्के म्हणजे 3,09,000. काउंटी वगळता संमती देणाऱ्यांची बेरीज 2,97,000 वर थांबली होती. काउंटीच्या 38,400 ने ती 3,35,400 झाली. जी योजना कायद्याने लादली असे काउंटी म्हणते ती काउंटीच्या सहीवाचून अस्तित्वातच आली नसती. काउंटीची ठेव नसतानाही आकडा पार झाला असता तर मी हा युक्तिवाद मान्य केला असता. इथे करता येत नाही.

राहिला हक्क राखून ठेवणारा ठराव. असा राखीव हक्क संमतीतच नोंदवलेला असेल तर माफीचे रूप बदलते: ती केवळ ऋणकोवर दावा न लावण्याचे वचन ठरते, जामीनदाराचा ऋणकोविरुद्धचा हक्क जिवंत राहतो आणि म्हणून त्याची जबाबदारीही राहते. अडचण त्या एका आठवड्याची आहे. सही केलेले संमतीपत्र संरक्षकाच्या हाती आधीच गेले होते. दुरुस्तीचा ठराव मंडळाच्या वहीत राहिला, संरक्षकाला कळवलाही गेला नाही. एका पक्षाने आपल्या दप्तरात मागाहून केलेल्या नोंदीने पूर्ण झालेल्या कराराची अट बदलत नाही. जमीनमालक त्यामुळे पूर्ण सुटतो, असे माझे मत आहे. न्यायालयाने दुरुस्ती मूळ संमतीचाच भाग मानली तर त्याच्याकडे 7,360 राहतील. काउंटीने संमतीपत्र पाठवण्याआधी वकिलाला दाखवले असते, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता.

अध्यक्ष आणि तीन संचालक यांना या बचावाचाही उपयोग नाही, कारण योजना त्यांनीच आखली आणि काउंटीने सही करावी म्हणून मंडळाच्या सभेत जाऊन तेच बोलले. त्यांनी मोबदला घेतलेला नाही, म्हणून विनामोबदला जामीनदाराला मिळणारी कडक अर्थाची सवलत, म्हणजे बंधपत्राच्या शब्दांपलीकडे त्याला न बांधण्याची सवलत, द्यावी, अशी मागणी त्यांनी केली. शुल्क घेणाऱ्या जामीन-कंपन्यांना ती सवलत नाकारताना न्यायालये प्रत्यक्ष नुकसान दाखवायला सांगू लागली होती, हे खरे. पण काउंटीच्या ठेवीवर ज्यांची बँक चालत होती त्यांना निव्वळ उपकार करणारे शेजारी म्हणणे कठीण आहे. आणि सवलत दिली तरी स्वतःच्या संमतीपुढे ती निरुपयोगी आहे.

एक हिशेब शिल्लक राहतो. पाच जणांत वाटल्यास प्रत्येकाचा वाटा 3,072 डॉलर. जमीनमालक गेल्यावर चौघांत तो 3,840 होतो. सह-जामीनदाराला धनकोने आपल्या कृतीने मोकळे केल्यास इतरांना त्याच्या वाट्यापुरती सूट मागता येते, आणि चौघांनी ती मागितली. परंतु जमीनमालक सुटला तो ज्या दोन कृतींमुळे, त्या दोन्ही चौघांच्या विनंतीने झालेल्या होत्या. ही सूट त्यांना देता येत नाही; काउंटीने 15,360 डॉलर आणि दाव्याच्या तारखेपासूनचे व्याज या चौघांकडून एकत्र किंवा एकेकाकडून वसूल करावे, आणि कमी-जास्त त्यांनी आपापसांत समजून घ्यावे.